वसतिगृहातला रविवारचा कॉल

बीडमध्ये नेटवर्कची कामं करणाऱ्या बायका फार नाहीत, त्यातली मी एक. शाळा, दवाखाने, पतसंस्था, कुठेही कॉम्प्युटर एकमेकांशी नीट बोलेनासे झाले की मला फोन येतो. स्कूटीच्या डिकीत पक्कड, तार तपासायचं छोटं यंत्र आणि एक जुना लॅपटॉप असतो. बहुतेक ठिकाणी उंदरानं कुरतडलेली तार सापडते किंवा कुणीतरी झाडताना प्लग ओढलेला असतो. अशी कामं लक्षात राहत नाहीत. वसतिगृहाचं राहिलं.

नेकनूरच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत, मुलींचं ते वसतिगृह आहे. तिथल्या बहुतेक मुलींचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. तेवढे महिने मुली तिथे राहून शाळा-कॉलेज करतात. इमारत खोलगट जागी असल्यामुळे मोबाइलला रेंज मिळते ती फक्त गच्चीवर. म्हणून कुणीतरी देणगी देऊन तिथे फायबरची लाइन घेतलेली होती. रविवारी सकाळी मुली कॉम्प्युटरच्या खोलीत ओळीनं बसायच्या आणि घरच्यांशी व्हिडिओवर बोलायच्या. पलीकडे त्या त्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा मोबाइल असायचा. तो एका कोपीतून, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीतून, दुसऱ्या कोपीत फिरायचा.

वसतिगृहाच्या बाईंनी मला फोन केला तेव्हा त्या गच्चीवर उभ्या असाव्यात, वाऱ्याचा आवाज येत होता.

"ताई, लाइन आहे, पण बोलणं होत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे होतं, पण तुकडे तुकडे. स्पीकर बदलले, कॅमेरे बदलले, एक कॉम्प्युटर बदलला. लाइनवाले म्हणतात आमच्याकडून सगळं ठीक आहे. तुम्ही एकदा येऊन बघा."

मी म्हटलं, गुरुवारी येते.

"त्याआधी जमलं तर बघा," त्या म्हणाल्या. "एक मुलगी निघून गेली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. बाई पन्नाशीच्या, सुती साडी, चष्मा दोरीला बांधलेला. ऑफिसात बसवून त्यांनी आधी झालेलं सांगितलं.

ती मुलगी बारावीला होती, सायन्सला. तिचे आईबाप कोल्हापूरकडे तोडीला होते. मागच्या रविवारी आईशी बोलताना आवाज तुटत होता. तिला ऐकू आलं ते एवढंच: आप्पाच्या... पायाला लागलंय... लई... तू ये. एवढ्यात कॉल बंद पडला. मुकादमाचा फोन परत लागला नाही. मुलीनं कुणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना पिशवी घेऊन निघाली, चालत रस्त्यावर आली आणि एका जीपमध्ये बसून मांजरसुंब्याला गेली. बाईंना कळल्यावर त्यांनीही गाडी पकडली. कोल्हापूरला जायला सोलापूरकडच्या गाड्या तिथूनच मिळतात हे त्यांना माहीत होतं. चौकात एका ढाब्याच्या बाकड्यावर ती बसलेली होती.

"रडत होती का?" मी विचारलं.

"नाही. मला बघून उठून उभी राहिली, वर्गात उठतात तशी."

परत आल्यावर बाईंनी गच्चीवरून मुकादमाला फोन लावत राहून शेवटी आईला गाठलं. मोळी उतरवताना बापाचा पाय मुरगळला होता. आई म्हणाली होती, आप्पाच्या पायाला लागलंय, लई काही न्हाई, तू येऊ नको. त्यातलं 'काही न्हाई' आणि 'ऊ नको' मध्येच कुठेतरी गळून पडलं होतं.

बाईंनी हे सांगताना आवाज चढवला नाही. माझे आईवडीलही तोडीला जायचे, मी चुलत्याकडे राहायचे. त्या काळात एखादा ट्रकवाला निरोप आणायचा, बरं हाय म्हणावं, आणि तो पुढचे कितीतरी आठवडे पुरायचा. निरोप लहान होता म्हणून वाटेत मोडत नव्हता, असं आता वाटतं. तेव्हा असं काही वाटलेलं आठवत नाही.

मी कामाला लागले. ऑफिसच्या कोपऱ्यात लाइनवाल्यांचा डबा होता. फायबर त्यात येत होती, आणि त्यातून एक साधी तार निघून वसतिगृहाच्या स्विचला, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीला, जात होती. दोन्हीकडे हिरवे दिवे. तारा तपासल्या, चांगल्या होत्या. एका कॉम्प्युटरवरून बाहेर छोटे छोटे निरोप पाठवून बघितले. सगळ्यांची उत्तरं आली, एकही गळलं नाही. मग एका बाजूनं मोठी फाइल वर चढवली आणि त्याच वेळी दुसरी खाली उतरवायला लावली. लगेच उत्तरं गळायला लागली. फाइल चढवणं थांबवलं की पुन्हा सगळं सुरळीत.

हे बघितल्यावर मला अंदाज आला. स्विचची तार काढून मी माझ्या लॅपटॉपला लावली आणि लॅपटॉपनं समोरच्या डब्याशी काय ठरवलंय ते बघितलं. वेग शंभर. पण बोलायची रीत, हाफ डुप्लेक्स, म्हणजे आळीपाळीनं.

बाई मागे उभ्या होत्या. "सापडलं का?"

त्यांना मी जसं सांगितलं तसंच इथे सांगते. दोन यंत्रं तारेनं जोडली की बोलायला लागण्याआधी आपसात ठरवून घेतात. किती वेगानं बोलायचं, आणि दोघांनी एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीनं. प्रत्येक यंत्र आपल्याला काय काय जमतं ते समोरच्याला कळवतं, आणि दोघांना जमेल त्यातलं सगळ्यात चांगलं निवडलं जातं. निमिषात होतं, कुणाला दिसतही नाही. पण एखाद्या माणसानं एका यंत्राला आधीच सांगून ठेवलं असेल, की तू शंभरच्या वेगानं आणि दोन्हीकडून एकदमच बोलायचं, विचारायचं काही नाही, तर ते यंत्र ठरवाठरवीत भागच घेत नाही. समोरच्याला उत्तर मिळत नाही. वेग त्याला तारेवरून ओळखता येतो, रीत ओळखता येत नाही. मग ते नियमाप्रमाणे धरून चालतं, की आळीपाळीनं बोलायचं असेल.

"आणि मग?"

"मग हा डबा मनाला येईल तेव्हा बोलतो. स्विच मात्र समोरचा गप्प असला तरच बोलतो, आणि बोलताना समोरून आवाज आला की टक्कर झाली असं समजून हातातलं टाकून देतो. एक जण बोलत असतो तोवर काही कळत नाही. दोघं एकदम बोलायला लागले की गळती."

"व्हिडिओत तर दोघंही सारखे बोलतात."

"म्हणूनच."

बाईंनी डब्याकडे बघितलं. "मग चूक कुणाची?"

"दोघंही आपापल्या जागी नियमानंच वागतायत," मी म्हटलं. "डब्याची सेटिंग बदलली की झालं. पण ती लाइनवाल्यांच्या हातात आहे."

आमचा स्विच साधा होता, त्याला काहीही सांगून ठेवायची सोय नव्हती. तो फक्त विचारू शकत होता; असं विचारून ठरवण्याला आमच्या भाषेत ऑटो म्हणतात, आणि आधीच सांगून ठेवण्याला फिक्स. म्हणून बदल पलीकडच्यानंच करायला हवा होता.

बाईंनी गच्चीवर जाऊन लाइनवाल्यांच्या माणसाला फोन केला. तो दुपारी मोटारसायकलवर आला. माझ्याहून बराच मोठा, डोक्याला रुमाल, खिशाला दोन पेनं. मी त्याला काका म्हटलं, तो मला मॅडम म्हणाला. त्यानं स्वतःचा लॅपटॉप काढून तेच केलं जे मी सकाळी केलं होतं. छोटे निरोप पाठवले आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

"बघा मॅडम. एक बी पॅकेट पडलं न्हाई. आमच्या साइडनं ओक्के हाय."

"काका, आता मी एकाच वेळी चढवते आणि उतरवते. तुम्ही बघत राहा."

त्यानं बघितलं. निरोप गळायला लागले. त्यानं स्वतःच्या पिशवीतली नवीन तार लावून बघितली. पुन्हा तेच. मग तो खुर्चीवर बसला.

"आमी डब्याचं पोर्ट फिक्स केलंय म्हणून असं होतंय का म्हणता?"

"हो. तुम्ही फिक्स केलंय आणि आमचा स्विच ऑटोवर आहे. दोन्ही फिक्स पाहिजेत, नाहीतर दोन्ही ऑटो."

"मॅडम, मी उगं फिक्स केलं न्हाई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "आधी ऑटोच व्हतं. काही जागी लई जुनी पेटी असायची. दोघांचं जुळायचंच न्हाई. लाइन सारखी चालू-बंद, चालू-बंद. दिवसभर त्याच्यासाठी फिरत व्हतो मी. साहेब म्हणले समदं फिक्स करून टाका. केलं. तक्रारी बंद झाल्या."

"बंद पडायच्या तक्रारी थांबल्या असतील. हळू चालायच्या?"

त्यानं थोडा विचार केला. "हळू चालतंय म्हणून कोण तक्रार करतंय इथं? नेट म्हणलं की हळूच असतंय असं समदे धरून चालतात."

हे खरं होतं. त्या भागातल्या किती ऑफिसांत असंच चाललं असेल, ते आम्ही दोघंही मनातल्या मनात मोजत असू.

तो साहेबांशी बोलायला गच्चीवर गेला. आम्ही खाली थांबलो. परत आला तो रुमालानं मान पुसत. साहेबांचं म्हणणं होतं की एका गिऱ्हाइकासाठी सेटिंग बदलायची नाही. वसतिगृहानंच स्विच बदलावा, फिक्स करता येईल असा चांगला घ्यावा.

बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. त्या म्हणाल्या, "आम्ही स्पीकर बदलले. कॅमेरे बदलले. कॉम्प्युटर बदलला. दरवेळी तुमच्या ऑफिसातून कुणीतरी सांगितलं म्हणून बदलले." मग त्यांनी त्याला त्या मुलीचं सांगितलं. मला सांगितलं तसंच, न वाढवता. मांजरसुंब्याचं बाकडं, आणि ती उठून उभी राहिली ते.

तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर विचारलं, "कंच्या साइडला हाय टोळी?"

"कोल्हापूरकडं."

"माझा थोरला भाऊ बी तिकडंच असतो," तो म्हणाला. लॅपटॉप पुन्हा उघडला. "मी ऑटो करून ठेवतो. साहेबाला रविवार झाल्यावर सांगतो. चाललं तर चाललं. न्हाई चाललं तर परत फिक्स, मग मला काही बोलायचं न्हाई."

त्यानं सेटिंग बदलली. दोन्हीकडचे दिवे विझले आणि पुन्हा लागले. मी बघितलं, वेग शंभर, दोन्हीकडून एकदम. दोन मोठ्या फायली एकाच वेळी चढवल्या-उतरवल्या. काहीही गळलं नाही. तो स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "आता चहा घेऊ," आणि बाईंनी चहा मागवला.

रविवारी मला जायची गरज नव्हती, पण सगळे कॉल एकदम सुरू असताना काय होतं ते बघायचं होतं. गेले. खोलीत मुली ओळीनं बसलेल्या. पडद्यांवर पाचट, कोप्या, बैलांच्या पाठी, कडेवरची पोरं. मी कोपऱ्यात लॅपटॉपवर आकडे बघत होते. गळती शून्य होती. खोलीत मात्र गोंधळ वाढत चालला होता, कारण पहिल्यांदाच सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

ती मुलगी कोण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलेल्या मुलीच्या पडद्यावरची बाई म्हणाली, "कशाला गेलतीस तू?" तेव्हा कळलं.

"तू ये म्हणालीस," मुलगी म्हणाली.

"मी येऊ नको म्हणलं व्हतं गं."

"मला ये ऐकू आलं."

"आता येतंय का नीट?"

"आता येतंय."

मग फोन हलला आणि पडद्यावर बाप आला, पायाला पट्टी, खाटेवर बसलेला. पाय बरा आहे म्हणाला. जेवतेस का विचारलं. मग म्हणाला, "त्या माणसांना काय सांगू? पोरगा चांगला हाय. मागं बी दोनदा इचारलं तुला. तू म्हणलीस आवाज येईना."

मी आकड्यांकडे बघत होते, पण कान तिकडेच होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मला तेव्हा समजलं की तुटक्या लाइनचा तिला उपयोगही होत होता. बापानं लग्नाचं काढलं की आवाज येईना म्हणायचं, आणि ते बऱ्याच वेळा खरंही असायचं. आता तसं म्हणता येणार नव्हतं.

"ऐकू येतंय का?" बापानं विचारलं.

"येतंय, आप्पा."

"मग?"

"न्हाई," ती म्हणाली. आवाज लहान होता पण स्पष्ट. "मला बारावी करायची. त्याच्या पुढं बी शिकायचं. आत्ता न्हाई करायचं लग्न."

"आमी इकडं, तू तिकडं एकटी. किती दिस असं राहायचं? काही झालं तर?"

"इथं बाई आहेत. काही होत न्हाई."

"परवा निघून गेलतीस. ते काय व्हतं मग?"

बाप पुढे काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात मुकादमाला दुसऱ्या कोपीत फोन द्यायचा होता. पडदा काळा झाला. मुलगी उठली, खुर्ची पुढच्या मुलीसाठी सरकवून दिली आणि बाहेर गेली. मी माझे आकडे नोंदवले, लॅपटॉप बंद केला, बाईंना सांगितलं की लाइन चांगली चालतेय, आणि निघाले. माझं काम तेवढंच होतं आणि ते झालं होतं. घरी येईपर्यंत मात्र मी स्कूटी फार हळू चालवली.

पुढचं मला बाईंकडून कळत गेलं. नंतरचे काही रविवार बाप फोनवर आलाच नाही. आई एकटी बोलायची, जेवणाचं, थंडीचं, बैलाचं. मुलगीही त्याच्याबद्दल विचारायची नाही. बाईंनी मध्ये पडायचं ठरवलं होतं, पण काय बोलावं ते ठरेना. मग एका रविवारी आईच्या हातातून फोन घेऊन बापच पडद्यावर आला आणि त्यानं विचारलं, "परीक्षा कधी हाय?"

मुलीनं सांगितलं.

"आमी त्याच्या आत येतो का बघतो," तो म्हणाला.

लग्नाचं नाव निघालं नाही. त्या पोराचं दुसरीकडे जमलं, हेही नंतर कळलं. साखर कारखाना उशिरापर्यंत चालला आणि आईबाप परीक्षेच्या आत पोचू शकले नाहीत. मुलगी पास झाली. आता ती बीडला नर्सिंगला आहे. एकदा दवाखान्याच्या कामाला गेले असताना जिन्यात दिसली. मी तिला ओळखलं. ती मला ओळखण्याचं काही कारण नव्हतं. मी बाजूला होऊन वाट दिली.

लाइनवाले काका साहेबांशी बोलले. साहेब रागावले म्हणे, पण परत फिक्स कर असंही म्हणाले नाहीत. मग काका आपल्या भागात जमेल तसं एकेक ठिकाण ऑटोवर आणत गेले. एका गावात खरोखरच जुनी पेटी निघाली, लाइन चालू-बंद व्हायला लागली, तेव्हा ते ठिकाण त्यांनी पुन्हा फिक्स केलं आणि पलीकडची पेटीही फिक्स करून दिली. ते करण्याआधी मला फोन केला.

"ताई, दोन्ही साइड फिक्स केलं तर चालतंय ना?"

"चालतंय, काका. दोन्ही सारखं पाहिजे, एवढंच."

पहिल्यांदा ते मला ताई म्हणाले होते. ते त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही, फोन ठेवल्यावर आलं.

वसतिगृहातून पुढच्या मोसमात पुन्हा बोलावणं आलं. लाइनची तक्रार नव्हती. आवाज स्वच्छ झाल्यापासून एकीच्या घरचं बोलणं शेजारच्या दोघींना ऐकू जात होतं. कुणाची आई रडत असे, कुणाचा भाऊ भांडत असे, कुणाकडे लग्नाचं चाललेलं असे, आणि मुली नंतर जेवताना एकमेकींच्या नजरा चुकवायच्या. बाईंनी दोन-दोन कॉम्प्युटरांच्या मध्ये प्लायवूडचे आडोसे करून घ्यायचे ठरवले होते. काम सुताराचं होतं. त्याला मोजमाप घेता यावं म्हणून मी भिंतीवरच्या तारा थोड्या वर सरकवून दिल्या.